तीन ठिपक्यांचा कारकून

सुपरमॅनची ती कार्टून मालिका मी पहिल्यांदा पाहिली ती आवाज बंद करून. निपाणीला मामाकडं केबल होतं, आमच्या गावात तोवर आलं नव्हतं. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी आजी टीव्हीच्याच खोलीत आडवी व्हायची आणि तिची झोप अशी की खोलीतनं मांजर गेलं तरी "कोण हाय रे?" म्हणून उठून बसणार. मग आवाज शून्यावर. मी आणि मामेभाऊ भिंतीला पाठ लावून, वर पंखा करकरतोय, आणि समोर कुठल्यातरी परक्या ग्रहावरची माणसं नुसती तोंडं हलवतायत.

आवाज नसला की गोष्ट आपली आपण जुळवावी लागते. आम्ही जुळवली ती अशी. एक राज्य आहे, तिथं जमीन हादरतेय. एक माणूस धावत धावत सगळ्यांना काहीतरी सांगतोय आणि त्याचं कोणी मनावर घेत नाही. मोठ्या दालनात पंचमंडळी बसलीत. आणि जिथं बघाल तिथं एक पडदा, त्यावर तीन ठिपके, रेघांनी जोडलेले. आजी दारात ठिपक्यांची रांगोळी काढायची, तिचाच एखादा तुकडा उचलून लावल्यासारखे. माणसं त्या ठिपक्यांकडं बघून काहीतरी विचारायची, ठिपके उजळायचे, की पंच माना डोलवायचे आणि विषय संपायचा.

"देव असंल त्यांचा," मामेभाऊ कानात बोलला. मलाही पटलं. चेहरा नाही, हातपाय नाहीत, चिडत नाही, आणि सगळे त्यालाच विचारतात. देवाशिवाय असं कोण असतं? शेवटी तो ग्रह फुटला. एक तान्हं बाळ तेवढं छोट्या यानातून निसटलं, आणि ते तीन ठिपकेही एका उपग्रहात बसून वाचले. बरं वाटलं आम्हाला. बाळ वाचलं, देव वाचला.

हा देव म्हणजे त्या मालिकेतला एक मोठा खलनायक आहे, हे कळायला मला वीस वर्षं लागली.

त्या वीस वर्षांत मी झेरॉक्सचं दुकान टाकलं. पाटीवर झेरॉक्स असतं, पोट भरतं दुसऱ्याच कामांवर: आधारची दुरुस्ती, रेशन कार्ड, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, जमिनीचा उतारा. आणि ज्या कामाचे पैसे मागायची पद्धत नाही असं एक काम, कागद वाचून दाखवणं. गाव मराठी, कागद कन्नड. 1956 च्या 1 नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्यानंतर महाजन आयोग झाला, 1967 ला त्याचा अहवाल आला, 2004 ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, आणि ते अजून चालूच आहे. त्यावर बोलणारी माणसं आमच्याकडं चहाच्या टपरीगणिक आहेत, त्यात मी भर घालत नाही. मी दुकानापुरतं बोलतो. दुकानापुरतं बोलायचं तर सीमाप्रश्न म्हणजे सत्तर-पंच्याहत्तरीचा माणूस चार घड्या घातलेला कागद सदऱ्याच्या खिशातून काढतो आणि म्हणतो, "काय लिवलंय बघ की जरा."

मला कन्नड येतं. शाळेत होतं, पण खरं शिकलो एसटी स्टँडवर. निपाणीच्या स्टँडवर एका बाजूला महाराष्ट्राच्या लाल गाड्या, दुसऱ्या बाजूला कर्नाटकाच्या. चिक्कोडीची गाडी कोणती आणि संकेश्वरची कोणती हे पाटी वाचूनच कळायचं, आणि चुकीच्या गाडीत एकदा बसलं की अक्षरं आपोआप पाठ होतात. ती गोल गोल वळणं आधी जिलेबीसारखी दिसायची. आता कागद हातात आला की डोळे न थांबता पळतात, आणि समोरचा माणूस माझ्या डोळ्यांकडं बघत बसलेला असतो. मी कुठं थांबलो, कुठं भुवई वर गेली, यावरून तो अंदाज बांधतो. डॉक्टर रिपोर्ट वाचत असताना आपण जसे बघतो ना, अगदी तसं.

उताऱ्याचं सांगतो. कर्नाटकानं 2000 च्या आसपास 'भूमी' म्हणून योजना आणली, सुमारे 67 लाख शेतकऱ्यांचे दोन कोटी उतारे संगणकात घातले. चांगलं काम केलं, हे कन्नड-मराठी बाजूला ठेवून म्हणायला पाहिजे. त्याआधी दप्तर तलाठ्याच्या ताब्यात असायचं, आणि त्या कपाटाची किल्ली कोणासाठी सापडायची आणि कोणासाठी हरवायची हे तोच ठरवायचा. आता कोणीही पैसे भरून उतारा काढू शकतो. फक्त तो वाचायला कोणीतरी लागतं. आणि नावांचा घोळ आहेच. आमच्या 'ज्ञानू'चं काय होतं बघा. आपण म्हणतो 'द्न्यानू', कन्नड माणूस वाचतो 'ग्नानू', कोणी इंग्रजीत 'डी'नं सुरू करतो, कोणी 'जी'नं. आधारवर एक, उताऱ्यावर दुसरा, बँकेत तिसरा. एका ज्ञानूचे तीन ज्ञानू झाले की तिघंही तोच माणूस आहे असं प्रतिज्ञापत्र करायचं. ते मी टाइप करतो. शंभर रुपये.

तर 2020 चा लॉकडाऊन. दुकान बंद, शटर अर्धं वर घेऊन आत बसलं तरी पोलीस काठी वाजवून जायचे. घरी पुतण्या, वय वर्षं नऊ, मोबाईलवरचं सगळं बघून संपवलेला. त्याला म्हटलं, चल, मी तुझ्याएवढा असताना जे बघायचो ते दाखवतो. लॅपटॉपवर ती मालिका लावली. 'सुपरमॅन: द अ‍ॅनिमेटेड सिरीज', 1996 साली अमेरिकेत सुरू झालेली, 2000 पर्यंत 54 भाग. ब्रूस टिम आणि त्यांच्या मंडळींचं काम. सरळ रेघांची, कमी रंगांची चित्रं, आजही जुनी वाटत नाहीत. पहिल्या भागात सुपरमॅन म्हणून कोणी नाहीच. सगळं क्रिप्टन या त्याच्या ग्रहावर घडतं. मी कानावर हेडफोनचा एक तुकडा लावला, दुसरा पुतण्याच्या कानात. आणि पहिल्यांदाच त्या तीन ठिपक्यांचा आवाज ऐकला.

मला काय वाटलं होतं कोण जाणे, गडगडाट वगैरे. आवाज निघाला मऊ. सावकाश, स्पष्ट, शब्दाला शब्द लावून बोलणारा, एकाही वाक्यात घाई नाही. कोरी बर्टन नावाच्या कलाकारानं दिलाय तो. ऐकताक्षणी मला तालुक्याच्या ठिकाणच्या कुठल्याही खिडकीची आठवण झाली. खिडकीमागं बसलेला माणूस, जो कधी आरडाओरडा करत नाही, कारण त्याला तशी गरजच पडत नाही.

ठिपक्यांचं नाव ब्रेनिअ‍ॅक. क्रिप्टनचा सगळा कारभार त्याच्याकडं, सगळी माहिती त्याच्यात. धावणारा माणूस म्हणजे सुपरमॅनचा बाप, जोर-एल. तो बर्फाळ मुलखात जाऊन स्वतः मोजमाप घेऊन येतो आणि पंचांना सांगतो की ग्रह फुटणार आहे. त्याच्याकडं उपायही आहे. फँटम झोन नावाची दुसरीच एक मिती आहे, जिथं गुन्हेगार ठेवतात. सगळ्या प्रजेला तिथं हलवायचं, एकानं यानातून दुसऱ्या ग्रहावर जायचं आणि तिथं पोचून सगळ्यांना बाहेर काढायचं. पंच ब्रेनिअ‍ॅकला विचारतात. ब्रेनिअ‍ॅक सांगतो, काळजीचं कारण नाही. पंचांत जोर-एलचा सासराही असतो, तोही जावयाचं ऐकत नाही. ऐकणार कसा? एका बाजूला घामाघूम झालेला जावई, दुसऱ्या बाजूला आजवर कधी चुकला नाही असा आवाज.

जोर-एलला शंका येते. आपण काढलेले आकडे याच्याकडं नसतील असं होऊच शकत नाही. तो चोरून आत शिरतो आणि बघतो तर ब्रेनिअ‍ॅक स्वतःला उपग्रहात भरतोय. म्हणजे त्याला सगळं ठाऊक आहे. मग खोटं का बोललास? यावर ब्रेनिअ‍ॅक जे सांगतो त्याचा मतलब असा: खरं सांगितलं असतं तर तुम्ही मला शेवटच्या क्षणापर्यंत तुम्हाला वाचवण्याच्या कामाला जुंपलं असतं. त्यातून काही निघालं नसतं. त्यापेक्षा तो वेळ मी मला वाचवायला वापरला.

मी लॅपटॉपचं बटण दाबून चित्र थांबवलं.

पुतण्या म्हणाला, "काका, काय झालं? पुढं लावा की."

"पाणी पिऊन येतो," म्हणालो. गेलो आणि माठाजवळ उभा राहिलो. पाणी प्यायलो का ते आठवत नाही.

त्याच्या आदल्या वर्षीचा ऑगस्ट. आमच्या भागात नुसतं 'एकोणीसचं पाणी' म्हटलं की पुरतं. वेदगंगा पात्र सोडून बाहेर आली, यमगर्णीला हायवेवर पाणी चढलं आणि कोल्हापूर-बेळगाव वाहतूक तुटली. ट्रकांच्या रांगा, ट्रकवाले रस्त्यावरच चूल मांडून भात शिजवतायत. आमच्या देवळाच्या भिंतीवर 2005 च्या पुराची खूण ऑइलपेंटनं मारलेली होती, तारखेसकट. म्हातारी माणसं दर तासाला जाऊन बघून यायची. दुपारी पाणी खुणेच्या वीतभर खाली, दिवे लागायच्या वेळी खुणेला टेकलं, सकाळी बघितलं तर खूणच दिसेना. अर्धं गाव शाळेत.

पण मला पाण्याचं सांगायचं नाही, पाणी उतरल्यानंतरचं सांगायचंय. आमच्याकडची जुनी घरं पांढऱ्या मातीची. दोन-दोन हात रुंद भिंती, वर कौलं. उन्हाळ्यात आत थंडगार. अशी भिंत चार दिवस पाण्यात उभी राहते. आतून भिजून लोण्यासारखी होते, पण बाहेरून पाण्याचा दाब असतो तोवर टिकून असते. पाणी ओसरलं तरीसुद्धा दोन-चार दिवस काही होत नाही. घरधनी आत जाऊन चिखल काढतो, देव्हारा पुसतो, वाचलं बाबा म्हणतो. मग कडक ऊन पडतं. वरची माती सुकून आवळते, आतली तशीच मऊ, आणि भर दुपारी काही कारण नसताना भिंत खाली बसते. मोठा आवाजही होत नाही. धान्याचं पोतं खांद्यावरनं खाली टाकावं तसा 'धप्प'. त्या आठवड्यात गावात रोज दुपारी असे आवाज यायचे, आणि प्रत्येक आवाजानंतर थोडा वेळ सगळे गप्प. कोणाचं गेलं ते ओळखायला.

वेशीजवळचे आप्पा. नाव सांगत नाही. मुलगा इचलकरंजीला यंत्रमागावर, घरात आप्पा आणि म्हातारी. पंचनाम्याला माणसं आली ती पाणी उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी. भिंती उभ्या होत्या. त्यांनी बघितलं तसं लिहिलं, त्यांचीही चूक म्हणता येत नाही. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. आप्पांची मावळतीकडची भिंत बसली, तिच्यामागोमाग आढं आलं, कौलं आली. आप्पा बाहेर अंथरुणं वाळत घालत होते म्हणून वाचले.

सरकारनं घरांचे ए, बी, सी असे वर्ग केले होते. पूर्ण पडलेलं घर 'ए' मध्ये, त्याला पाच लाख. 'सी' म्हणजे थोडीफार पडझड. त्यातली रक्कम अर्थातच फार खाली. यादी लागली तिची फाइल मला व्हॉट्सअ‍ॅपवर आली. कन्नडमध्ये, बारीक अक्षरात, चाळीसेक पानं. लाइट नुकती आली होती, सहा दिवसांचं काम एका दिवसात आलेलं. भिजलेली रेशन कार्डं, चिकटलेली पासबुकं, पाण्यानं शाई पसरलेले दाखले. दुकानात ओल्या कागदाचा वास आणि लॅमिनेशनच्या मशीनचा जळका वास एकत्र. बाकावर जागा नाही, पायरीवर माणसं.

आप्पा आले, काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. नखांत अजून चिखल. "बघ की लेका, माझं नाव आलंय का?"

मी फाइल उघडली, चाक फिरवत खाली गेलो. नाव सापडलं. नावापुढं बापाचं नाव, मग घर नंबर, मग शेवटच्या रकान्यात एकच अक्षर. कन्नडमधला 'सी' गोंडस दिसतो, वर छोटा फेटा बांधल्यासारखा.

त्या एका क्षणात माझ्या डोक्यात जे झालं ते मला लख्ख आठवतं. सी सांगितलं की आप्पा विचारणार, मग आता काय करायचं? करायचं म्हणजे हरकतीचा अर्ज, कन्नडमधून, मीच लिहायचा. घराचे फोटो, मीच जाऊन काढायचे. अर्ज घेऊन तालुक्याला जायचं, आप्पांना तिथलं बोलणं कळत नाही म्हणजे मीच. एका खेपेत होणार नाही. खिडकीवरचा माणूस म्हणणार "नाळे बर्री", उद्या या. (कर्नाटकात नव्वदच्या दशकात एका भुताची आवई उठली होती, रात्री दार वाजवायचं म्हणे, लोकांनी दारावर 'नाळे बा', उद्या ये, असं लिहून ठेवलं. भूत वाचायचं आणि परत जायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ही गोष्ट सांगून आम्ही खूप हसतो, कारण ते भूत कोण हे आम्हाला नीट माहीत आहे.) म्हणजे दोन दिवस दुकान बंद. आप्पांच्या मागं अकरा माणसं उभी होती. मोजली होती मी.

"यादी अजून आली न्हाई आप्पा," मी म्हणालो. "पुढच्या आठवड्यात बघू."

"बरं बरं," आप्पा म्हणाले. मग जाता जाता पायरीवरनं वळून, "तू हाईस म्हणून बरं हाय बाबा."

पुढच्या आठवड्यात हरकतींची मुदत संपली होती. आप्पांना 'सी'चे मिळाले. त्यांनी पत्र्याची खोली उभी केली. सरकारनं दिलं ते दिलं, असं म्हणतात, आणि सरकारवर थोडंफार चिडतात. माझ्यावर नाही.

त्या दिवशी माठाजवळून परत येऊन मी पुतण्याला पुढचं लावून दिलं. जोर-एल सुटून घरी पळतो, मागं शिपाई. ते शिपाई ब्रेनिअ‍ॅकनंच पाठवलेले. पुतण्याला तो भाग आवडला, पळापळी होती. मी ब्रेनिअ‍ॅकच्या त्या एका उत्तरापाशीच राहिलो होतो.

नंतर मी त्याच्यावर बरंच काही शोधून वाचलं. लॉकडाऊनमध्ये दुसरं काय करणार? मूळ कॉमिक्समध्ये तो 1958 साली आला तेव्हा संगणक नव्हताच. हिरव्या कातडीचा परग्रहावरचा माणूस होता, शहरं लहान करून बाटलीत भरायचा. पण त्याच नावाचा एक शिकाऊ संगणक अमेरिकेत आधीपासून विकत मिळत होता, एडमंड बर्कली नावाच्या गृहस्थांचा. मग 1964 साली कॉमिक्सवाल्यांनी जाहीर केलं की हासुद्धा संगणकच आहे. नाव जुळलं म्हणून माणसाचा संगणक. ज्ञानूच्या प्रतिज्ञापत्रांवर दिवस काढणाऱ्याला याचं नवल वाटत नाही.

मालिकावाल्यांनी त्यात आणखी एक बदल केला, तो मला सगळ्यात मोठा वाटतो. कॉमिक्समधला ब्रेनिअ‍ॅक दरोडेखोर, बाहेरून येणारा. यांनी त्याला क्रिप्टनचाच केला. घरातला. ज्याच्याकडं दप्तर तोच. दरोडेखोराशी लढता येतं. पण जो वाचून दाखवतो त्याच्याशी काय लढणार? त्यानं काय वाचलं नाही, ते आपल्याला कधी कळतच नाही.

पुढं तो पृथ्वीवर येतो, तेव्हा अंगानं माणसासारखा, कपाळावर तेच तीन ठिपके. ग्रहाग्रहावर जाऊन तिथली सगळी माहिती उतरवून घेतो आणि मग तो ग्रहच नष्ट करतो, म्हणजे आपल्याकडच्या नकलेला भाव राहतो. हे बघताना मला धंद्याच्या दृष्टीनं राग आला. आमच्यात पहिला नियम हाच की मूळ प्रत गिऱ्हाइकाच्या हातात परत. झेरॉक्स काढून झाली आणि मूळ कागद काचेखालीच राहिला तर मी सायकल घेऊन मागं पळालोय, दोन-दोन किलोमीटर. पण त्याच भागात अशीही गंमत आहे की सुपरमॅनला त्याच्या ग्रहाची आठवण मिळते ती याच ब्रेनिअ‍ॅककडून. क्रिप्टनचं सगळं काही एका गोळ्यात साठवून त्यानं जपलेलं असतं. आईबाप कसे होते हे सांगायला विश्वात दुसरं कोणी उरलेलंच नाही. आप्पांच्या पणजोबाचं नाव जगात कुठं लिहिलेलं असेल तर ते त्या कन्नड उताऱ्याच्या जुन्या फेरफारात. चुकीचं लिहिलेलं, पण तिथंच.

हल्ली दुकानात येणारी पोरं मला विचारतात, एआय येणार, तुमचं काय होणार? रास्त प्रश्न आहे. ती मोबाईल कागदावर धरतात आणि कन्नडाचं मराठी होऊन समोर येतं. माझ्या समोर एकदा त्यानं कल्लाप्पा या माणसाचा 'दगड वडील' केला होता, सगळं दुकान हसलं, कल्लाप्पाही हसले. पण सुधारतंय ते, दर महिन्याला सुधारतंय. टीव्हीवर तज्ज्ञ सांगतात की उद्या ही यंत्रं माणसावर उलटतील. मला ती उलटतील, बंदुका काढतील, असं काही वाटत नाही. मोबाईल अर्धवट वाचतो, चुकीचं वाचतो, पण पन्नास पानं दिली तरी पन्नासाव्या पानाला त्याचा आवाज बदलत नाही. मागं अकरा माणसं उभी आहेत हे त्याला माहीत नसतं. ज्या दिवशी ते त्याला कळेल, आणि समोरचा माणूस म्हणजे आपल्या वेळेची नासाडी असा हिशेब ते मांडायला लागेल, त्या दिवसाची भीती मला वाटते. कारण त्या हिशेबात एकही आकडा चुकीचा नसतो. ब्रेनिअ‍ॅकचं गणित बरोबरच होतं. ग्रह फुटणारच होता. माझंही बरोबर होतं. अर्ज दिला असता तरी काय झालं असतं? दहातल्या आठ हरकती तशाच पडून राहतात, असं मी स्वतःला सांगितलं होतं. आठ हा आकडा मी कुठून आणला ते विचारू नका.

आणि तरी त्या फुटणाऱ्या ग्रहावरून एक बाळ निघालंच होतं की. ज्यानं शेवटपर्यंत खटपट केली त्याचं.

आप्पांना मी हे सांगितलेलं नाही. सांगावं असं चार-पाच वेळा मनात आलं. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, पुन्हा यमगर्णीला रस्ता बुडाला, तेव्हा शाळेत आप्पांच्या शेजारच्याच सतरंजीवर मी रात्र काढली. त्यांची पत्र्याची खोली काही पडली नाही, पत्र्याला भिजायला काय असतं! रात्रभर ते मला त्यांच्या जुन्या घराबद्दल सांगत होते, भिंतीतला कोनाडा, कोनाड्यातली समई, बापानं आढ्यासाठी आणलेलं लाकूड. मी हं हं करत होतो. हे इथं लिहितोय ते त्यांच्या वाचनात येणार नाही, हे ठाऊक असल्यामुळंच लिहायला जमतंय, हेही लिहून ठेवतो.

परवा आले होते. पेन्शनचं पत्र आलेलं, चार घड्या, सदऱ्याचा खिसा. दुकानात गर्दी होती. मी पत्र घेतलं, उलगडलं आणि वाचायला लागलो. वरचा जावक नंबर वाचला. तारीख वाचली. प्रेषक कोण, प्रति कोण, विषय, संदर्भ. संदर्भात तीन जुन्या पत्रांचे नंबर होते, तेही वाचले. पहिला परिच्छेद कन्नडमध्ये वाचून मग मराठीत सांगितला. मागं एक पोरगा पाय बदलत उभा होता. खालचा शिक्का वाचला, शिक्क्यावरची अर्धवट उठलेली अक्षरं डोळ्यांजवळ नेऊन जुळवली.

आप्पांनी जांभई दिली. "लेका, तालुक्याचा साहेब झालास काय? त्यो शिक्का कशाला वाचतोस? पैशे कवा येनार तेवढं सांग की."

"सांगतो आप्पा," म्हणालो, "मागच्या बाजूलापण काहीतरी लिहिलंय," आणि कागद उलटा केला.